मराठीतून थेट हिब्रू: ठाण्यातल्या घरांसाठी पहिल्या सहा महिन्यांची वाट

ठाण्यात बसून हिब्रू शिकायचं ठरवलं की हाताशी येतं ते जवळपास सगळं इंग्रजीतून. पुस्तकं इंग्रजीतून, मोबाइलवरची अ‍ॅप्स इंग्रजीतून, यूट्यूबवरचे धडे अमेरिकन उच्चारांतून. मग मराठी माणूस हिब्रू वाक्य आधी इंग्रजीत उलगडतो, तिथून मराठीत आणतो आणि दोन्हीकडे अडखळतो. मी टेंभी नाक्याच्या परिसरात घरगुती शिकवणी घेते. माझ्याकडे आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांतली मुलं आणि आजीआजोबा येतात, जुना करार मूळ भाषेत वाचायची ओढ असलेले ख्रिस्ती बंधू-भगिनी येतात, इस्राएलमध्ये वृद्धांची शुश्रूषा करायला निघालेल्या मुलीही येतात. सगळ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मधला इंग्रजीचा टप्पा काढून टाका. हिब्रूच्या ज्या गोष्टी इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं समजावत बसतात, त्यांतल्या कितीतरी तुम्ही लहानपणापासून मराठीत बोलत आला आहात.

ही वाट काही नवी नाही. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक मुंबईत काढलं. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. दोन भाषा समोरासमोर ठेवून शिकण्याची आपल्याकडची रीत पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. ती घराघरांत पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ठरवा, कशासाठी?

हिब्रू एकच असली तरी तिच्यात शिरायचे दरवाजे वेगळे आहेत. प्रार्थनेसाठी शिकणाऱ्याला अक्षरं, स्वरचिन्हं आणि न अडखळता मोठ्यानं वाचन हवं. बोलता नाही आलं तरी सुरुवातीला चालतं. शास्त्र, म्हणजे जुना करार, मुळातून वाचायचं असेल तर जुन्या काळची क्रियापदांची रूपं लागतात, तिथे वाक्यात क्रियापद बहुधा आधी येतं. बोलण्यासाठी, म्हणजे अश्दोद, दिमोना, लोद किंवा बेएर शेवाला राहणाऱ्या नातेवाइकांशी किंवा नोकरीच्या ठिकाणी बोलायला, आजची हिब्रू हवी.

घरात तिघांची तीन कारणं असली तरी पहिले दोन महिने सगळ्यांचा अभ्यास एकच. अक्षरं आणि स्वरचिन्हं तिन्हीकडे तीच आहेत. त्यामुळे आजोबांना प्रार्थनेचं पुस्तक वाचायचंय आणि नातीला बोलायचंय, तरी एकत्र बसा. फाटे त्यानंतर फुटतात.

वही आणि फोन

शाळेत गणिताला वापरतात ती चौकटींची वही घ्या. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून वही मागच्या बाजूनं उघडून तिथे पहिलं पान मांडा. एका चौकटीत एक अक्षर. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे लिहितात.

फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन हिब्रू भाषा जोडा, पण पहिले काही आठवडे हातानंच लिहा. बोटानं टाइप केलेलं अक्षर डोळ्याला ओळखू येतं, पण मनात ठसत नाही.

एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. हिब्रूत छापील अक्षर वेगळं आणि हातानं लिहायचं अक्षर वेगळं. इस्राएलमध्ये किराण्याची यादीसुद्धा कोणी छापील अक्षरांत लिहीत नाही. ज्याला फक्त प्रार्थना वाचायची आहे त्यानं छापील अक्षर शिकावं, पुरे. ज्याला तिकडे जायचं आहे त्यानं वाचायला छापील आणि लिहायला हाताचं, अशी दोन्ही पहिल्या आठवड्यापासून जोडीनं घ्यावीत. हाताचं अक्षर नंतर शिकू म्हणणारे बहुधा ते शिकतच नाहीत.

अक्षरं: बाराखडीनंच शिका

हिब्रूत २२ अक्षरं आहेत आणि ती सगळी व्यंजनं. पाच अक्षरं, म्हणजे काफ, मेम, नून, पे आणि त्सादी, शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. तीन अक्षरं पोटात टिंब असल्या-नसल्यानं आवाज बदलतात: बेतमध्ये टिंब असेल तर ब, नसेल तर व, काफचा क किंवा ख़, पेचा प किंवा फोनमधला फ. शीनच्या डोक्यावर उजवीकडे टिंब असेल तर श, डावीकडे असेल तर स. आलेफ आणि आयिन यांना आजच्या बोलण्यात स्वतःचा आवाज जवळपास नाही, ती स्वर वाहून नेतात. सावरकरांनी सुचवलेल्या लिपीत अि, अु असं लिहीत, तिथे अ जे काम करतो तेच काम आलेफ करतं. जुनी पुस्तकं वाचलेल्या आजोबांना हे एका वाक्यात कळतं.

आलेफपासून तावपर्यंत ओळीनं घोकायची घाई करू नका. शीन, लामेद, वाव, मेम, बेत आणि ताव ही सहा अक्षरं आधी घ्या. एवढ्यात शालोम म्हणजे शांती, शाबात म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, शेम म्हणजे नाव, बात म्हणजे मुलगी, लेव म्हणजे हृदय, हे शब्द वाचता येतात. पहिल्या आठवड्यात खरा शब्द वाचता आला की पुढे शिकायला हुरूप येतो. मग दर दोन दिवसांनी तीन अक्षरं. क्रम पाठ करणंही लागतंच, कारण शब्दकोश त्यावर चालतो आणि अक्षरांचा उपयोग आकड्यांसारखाही होतो: आलेफ एक, योद दहा, कोफ शंभर, ताव चारशे. पण ते दुसऱ्या महिन्यात.

सारखी दिसणारी अक्षरं नवख्याला फार छळतात. त्यांच्या जोड्या लावून, एकेक खूण धरून शिका. बेतच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला शेपटी असते, काफ तिथे गोल असतं. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार बाहेर येतो, रेशचा वळतो. ‘हे’ या अक्षराच्या डाव्या पायाला वर फट असते, ख़ेतचा पाय वर चिकटलेला असतो आणि तावच्या डाव्या पायाला खाली पाऊल असतं. सामेख़ गोल, शेवटचं मेम चौकोनी. वाव सरळ, शेवटचं नून ओळीखाली उतरतं. चौकटींच्या वहीत प्रत्येक जोडी शेजारीशेजारी दहा-दहा वेळा लिहा आणि लिहिताना खूण मोठ्यानं म्हणा.

आता स्वर. ते अक्षराच्या खाली, वर किंवा शेजारी टिंबांनी आणि रेघांनी दाखवतात. खाली आडवी रेघ, किंवा आडव्या रेघेला खाली लटकलेली छोटी उभी रेघ, म्हणजे आ. खाली शेजारीशेजारी दोन टिंबं, किंवा तीन टिंबांचा त्रिकोण, म्हणजे ए. खाली एकच टिंब म्हणजे इ. वर डाव्या बाजूला टिंब म्हणजे ओ, आणि बऱ्याचदा ते वावच्या डोक्यावर बसतं. वावच्या पोटात टिंब, किंवा अक्षराखाली तिरकी तीन टिंबं, म्हणजे उ. एकावर एक दोन टिंबं असली तर कधी छोटा ए, कधी काहीच नाही. झालं. आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकारापेक्षा हे सोपंच आहे.

मराठी डोळ्याची एक सवय मात्र इथे आड येते. आपल्या क मध्ये अ आपसूक असतो. हिब्रू अक्षरात काहीही आपसूक नसतं. म्हणून प्रत्येक नव्या अक्षराची छोटी बाराखडी करा: बा, बे, बी, बो, बू, ला, ले, ली, लो, लू. मोठ्यानं, ठेक्यात, सगळ्यांनी मिळून. शाळेत गिरवलेल्या बाराखडीचा सूर आपल्या अंगात इतका मुरलेला असतो की साठीच्या पुढची माणसंही यात लहान मुलांच्या बरोबरीनं चालतात. हे मी माझ्या वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

देवनागरीत हिब्रू लिहून घ्यायची परवानगी पहिले दोन आठवडे. त्यानंतर वहीतली देवनागरी बंद. ती डोळ्यासमोर राहिली की डोळा हिब्रूकडे जातच नाही, आणि वर्षभरानंतरही माणूस प्रार्थना देवनागरीतूनच म्हणत राहतो. या लेखात मी देवनागरी वापरते आहे, ती फक्त समजावण्यापुरती.

उच्चार

मराठी जिभेला हिब्रू फारशी परकी नाही. त्सादी हे अक्षर इंग्रजी भाषकांना शब्दाच्या सुरुवातीला जड जातं, आपण मात्र चोर, चाक, चूल म्हणताना तोच आवाज काढतो. चहा आणि चार मधला च तो नव्हे. ज़ायिनसाठी जोर, जाड यांतला ज थोडा मऊ करा.

दोन ठिकाणी मेहनत लागते. एक, ख़ेत आणि ख़ाफ, म्हणजे टिंब नसलेलं काफ. हा आवाज आपल्या ख सारखा ठोसर नाही, ह सारखा हलकाही नाही. उर्दू गझल गाताना ख़बर, ख़ुदा म्हणतात तसा घशातून घासत येतो. दुसरं, स्वर. हिब्रूत आपल्यासारखा तोंडातल्या तोंडात उच्चारायचा अ नाही. आ नेहमी उघडा, पण लांबवायचा नाही. म्हणून शबात नव्हे, शाबात. शलोम नव्हे, शालोम.

आघात बहुधा शब्दाच्या शेवटच्या तुकड्यावर पडतो: शालोम, तोदा, येलादिम. येलेद, बोकेर, एरेत्स अशा काही शब्दांत तो आधीच्या तुकड्यावर येतो. रेश आज इस्राएलमध्ये बरेचजण घशातून काढतात. तुम्ही आपला र काढलात तरी कोणाचं काही अडत नाही.

पहिली वाक्यं

इथे मराठीचा खरा फायदा सुरू होतो. इंग्रजीतून शिकणारा पहिल्याच धड्यात अडतो, कारण तिथे बाई आणि पुरुष दोघांसाठी क्रियापद एकच. आपण तर मी शिकतो, मी शिकते असं बोलतोच. हिब्रूत पुरुष म्हणतो ‘आनी लोमेद इव्रीत’, बाई म्हणते ‘आनी लोमेदेत इव्रीत’. इव्रीत म्हणजे हिब्रू. अनेकवचनात लोमदिम आणि लोमदोत. वर्तमानकाळाची रूपं एवढी चारच.

मग ‘ली’ घ्या. ली म्हणजे मला. मराठीत आपण म्हणतो मला भाऊ आहे, मला वेळ नाही, मला थंडी वाजते. हिब्रू अगदी असाच विचार करते. ‘येश ली आख़’, मला भाऊ आहे. ‘एन ली ज़्मान’, मला वेळ नाही. ‘कार ली’, मला थंडी वाजते. ‘ख़ाम ली’, मला उकडतंय, हे ठाण्यात मे महिन्यात रोज म्हणता येईल. ‘काशे ली’, मला कठीण जातंय. ‘कोएव ली हारोश’, मला डोकं दुखतंय. पुढे लेख़ा म्हणजे मुलाला ‘तुला’, लाख़ म्हणजे मुलीला ‘तुला’, लो त्याला, ला तिला, लानू आम्हाला. ही एवढी रूपं पाठ झाली की घरातली निम्मी वाक्यं तयार होतात. इंग्रजीच्या वाटेनं आलात तर आधी माझ्याकडे-अमुक-आहे याचं क्रियापद शोधत बसाल, आणि ते हिब्रूत नाही.

तिसरी गोष्ट ‘एत’. मी मुलगा बघितला आणि मी त्या मुलाला बघितलं, यांतला फरक तुम्हाला न शिकवता कळतो. हिब्रूत ‘राइती येलेद’ म्हणजे मी एक मुलगा बघितला. ‘राइती एत हायेलेद’ म्हणजे तो ठरावीक मुलगा. ‘हा’ म्हणजे तो-ती-ते ठरावीक, हे शब्दाच्या आधी चिकटतं, आणि अशा कर्माआधी एत येतं. आपला ला बहुतेक सजीवांना लागतो, एत मात्र वस्तूंनाही लागतं. उत्पत्तीच्या पहिल्या वचनातच ते दोनदा आलं आहे: ‘बेरेशित बारा एलोहिम एत हाशामायिम वेएत हाआरेत्स’.

आपण घरात, ठाण्याला, ठाण्याहून असे प्रत्यय मागे लावतो, हिब्रू तेच एकेका अक्षरानं पुढे लावते. बे म्हणजे त, ले म्हणजे ला, मि म्हणजे हून. ‘आनी गार बेठाणे’, मी ठाण्यात राहतो. बाई म्हणेल ‘आनी गारा बेठाणे’.

आता मराठीमुळे होणाऱ्या चुकाही सांगते, कारण इंग्रजी पुस्तकात त्या सापडायच्या नाहीत. सगळ्यांत हट्टी चूक भूतकाळाची. आपण तिनं पत्र लिहिलं म्हणतो, तिनं चिठ्ठी लिहिली म्हणतो. क्रियापद पत्राच्या, चिठ्ठीच्या मागे जातं. हिब्रूत ते नेहमी करणाऱ्याच्या मागे जातं. हू काताव, त्यानं लिहिलं. ही कातवा, तिनं लिहिलं. मग पत्र असो की चिठ्ठी. भूतकाळ शिकताना ती बोलली, तो बोलला हा साचा डोक्यात ठेवा, तिनं, त्यानं विसरा. मी लिहिलं याला बाई-पुरुष दोघांना एकच रूप, कातावती.

दुसरी चूक लिंगाची. हिब्रूत नपुंसकलिंग नाही. घर, दार, पाणी यांना पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग द्यावंच लागतं. शेवटी आ किंवा त आला तर बहुधा स्त्रीलिंग, पण बायित म्हणजे घर पुल्लिंग आहे, म्हणून नवा शब्द लिंगासकट पाठ करा. विशेषण नामाच्या मागून येतं: बायित गादोल, घर मोठं.

तिसरी आकड्यांची. अख़ात, श्तायिम, शालोश, आर्बा, ख़ामेश, शेश, शेवा, श्मोने, तेशा, एसेर हे नुसतं मोजायचे आकडे, आणि ते स्त्रीलिंगी आहेत. तीनपासून पुढे पुल्लिंगी रूपच लांब असतं: शालोश बानोत म्हणजे तीन मुली, श्लोशा बानिम म्हणजे तीन मुलगे. सुरुवातीला स्त्रीलिंगीच पक्के करा. टीएमटीच्या बसचा नंबर, लोकलचा प्लॅटफॉर्म, लिफ्टमधला मजला, जे दिसेल ते हिब्रूत मनात म्हणा.

शब्द कसे जमवायचे

हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. ल-म-द: लोमेद शिकतो, मेलामेद शिकवतो, ताल्मिद विद्यार्थी. क-त-व: कोतेव लिहितो, मिख़्ताव पत्र, क्तोवेत पत्ता. वहीत एका मुळाला एक पान द्या आणि नवा शब्द भेटला की त्याच्या पानावर लिहा. शब्दांची सरळ यादी करण्यापेक्षा हे कितीतरी टिकतं.

अरबी आणि हिब्रू एकाच सेमिटिक कुळातल्या, आणि मराठीत फारसीच्या हातून आलेले अरबी शब्द भरपूर. त्यामुळे काही ओळखी आपोआप निघतात. हिशेब आणि ख़ेश्बोन. अखेर आणि आख़ारोन, म्हणजे शेवटचा. कबर आणि केवेर. सैतान आणि सातान. जमाना आणि ज़्मान. मालक आणि मेलेख़, म्हणजे राजा. अर्थ थोडेफार सरकलेले असतात, पण लक्षात ठेवायला खुंटी मिळते.

क्रियापदांचे सात साचे आहेत, त्यांना बिन्यान म्हणतात. त्यांची नावं तिसऱ्या महिन्यापर्यंत काढूही नका. तोवर क्रियापद वर्तमानातल्या चार रूपांनी आणि ‘लिल्मोद’, ‘लिख़्तोव’ अशा मूळ रूपानं शिका. पुढे रूपं तपासायला पेआलिम हे मोफत संकेतस्थळ चांगलं आहे. शास्त्र वाचणाऱ्यांना सेफारिया या संकेतस्थळावर तनाख़, म्हणजे यहुद्यांचं हिब्रू बायबल, स्वरचिन्हांसकट मिळतं. शेजारी मराठी बायबल उघडून ठेवा.

घरातले सगळे

एलिएझर बेन येहुदा १८८१ साली यरुशलेमला राहायला आले, त्यांनी घरात फक्त हिब्रू बोलायचं ठरवलं आणि १८८२ साली जन्मलेला त्यांचा मुलगा तिथूनच बोलायला शिकला. बोलीभाषा म्हणून हिब्रू पुन्हा उभी राहिली त्याचं एक टोक त्या घरात आहे. पण त्यांचा कडकपणा आपण घेऊ नये. मुलाच्या कानावर दुसरी भाषा पडू द्यायची नाही, इतका तो होता. आपल्या घरात मराठी आहे, ती राहू द्या. दिवसातला एक प्रसंग हिब्रूचा ठरवा. माझ्या मते रात्रीचं जेवण उत्तम.

ताटावर बसलं की लागणारे शब्द थोडे आणि रोजचे: मायिम पाणी, ओरेज़ भात, लेख़ेम पाव, मेलाख़ मीठ, सुकार साखर, ख़ालाव दूध, त्सालाख़ात ताटली, कापित चमचा. आईनं मुलाकडे पाणी मागायचं तर ‘तेन ली मायिम’, मुलानं आईकडे मागायचं तर ‘त्नी ली मायिम’. आपला दे दोघांना चालतो, इथे बदलतो. पुढे बेवाकाशा जोडा, म्हणजे कृपया. फ्रिजवर, दारावर, खिडकीवर चिठ्ठ्या चिकटवा: मेकारेर, देलेत, ख़ालोन. चिठ्ठीवर फक्त हिब्रू, खाली देवनागरी नको. कालनिर्णयच्या रविवारच्या रकान्यावर आलेफ लिहा, सोमवारवर बेत, शुक्रवारवर वाव. हिब्रूत रविवार म्हणजे योम रिशोन, पहिला दिवस, आणि शनिवार तेवढा शाबात. भिंतीवर रोज दिसत राहिलं की वार पाठ करावे लागत नाहीत.

हिब्रूत तू आणि तुम्ही असा मानाचा भेद नाही. आजोबांनाही ‘आता’ म्हणायचं, आजीलाही ‘आत’, दोन्हींचा अर्थ तू. आतेम म्हणजे तुम्ही सगळे, एकाच वडीलधाऱ्याला ते लावत नाहीत. आपल्या नातवंडांना आणि आजीआजोबांना दोघांनाही सुरुवातीला हे जड जातं. घरात आधीच मोकळेपणानं बोलून घ्या की हिब्रूत असंच असतं, यात अपमान नाही. मान दाखवायचा तो आवाजात दाखवावा.

आजीला बऱ्याच प्रार्थना तोंडपाठ असतात, वाचता येत नाहीत. बेने इस्राएल घरांत हे सर्रास आहे. तिचं ‘शेमा इस्राएल’, मलिद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या नवसाच्या आणि आभाराच्या विधीच्या, वेळचं ‘एलियाहू हानावी’ फोनवर रेकॉर्ड करा. मग पुस्तक उघडून तिच्याच आवाजावर बोट फिरवत वाचा. आजीला अक्षरं कळू लागतात, नातवाला चाल मिळते. माझ्या शिकवणीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग हाच.

वेळ किती द्यायचा? रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून सोमवार ते शनिवार वही न उघडणाऱ्यांची अक्षरं दर आठवड्याला नव्यानं शिकवावी लागतात. लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणं या वीस मिनिटांत धरू नका. तो वरचा लाभ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामकाजापुरती हिब्रू यायला सुमारे १,१०० तासांचे वर्ग धरते. आपलं पहिल्या सहा महिन्यांचं उद्दिष्ट खूप लहान आहे: स्वरचिन्हांसकट कुठलाही मजकूर वाचणं आणि रोजची छोटी वाक्यं बोलणं. ते घरच्या घरी होतं.

सिनेगॉगमध्ये

टेंभी नाक्याजवळचं शाआर हाशामायिम सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं आहे. नावात तुमचा व्याकरणाचा धडाही आहे: शाआर म्हणजे दार, हाशामायिम म्हणजे आकाश, आणि ‘आकाशाचं दार’ म्हणताना दार आधी येतं. शाळेला बेत सेफेर, इस्पितळाला बेत ख़ोलिम, सगळे याच साच्यातले.

प्रार्थना ऐकायची असेल तर आधी विचारून, परवानगी घेऊन जा, ओळखपत्र जवळ ठेवा. पुरुषांनी डोकं झाकावं. शुक्रवारची संध्याकाळची प्रार्थना शनिवारच्या सकाळपेक्षा छोटी असते, नवख्याला तीच बरी. शाबातला तिथे फोन काढू नका आणि वहीपेनही काढू नका, कारण त्या दिवशी लिहीत नाहीत. ऐका, पुस्तकात बोट ठेवा, हरवलात तर शेजारच्याला खुणेनं पान विचारा.

सरावाच्या कागदांवर प्रार्थनेतलं देवाचं नाव लिहू नका. लिहिलं गेलंच, तर तो कागद रद्दीत टाकायचा नाही. असे कागद आणि जीर्ण पुस्तकं वेगळी ठेवायची रीत आहे. सिनेगॉगमध्ये नेऊन द्या.

नोकरीसाठी जाणाऱ्यांना

व्हिसाच्या धावपळीत भाषा मागे पडते, म्हणून तुमच्यापुरतं थोडं वेगळं. वृद्धसेवेला जाणार असाल तर अक्षरांबरोबरच दुसऱ्या आठवड्यापासून बोलायला लागा. कादूर गोळी, त्रुफा औषध, रोफे डॉक्टर, लाआत लाआत हळूहळू. ‘एफो कोएव लेख़ा?’ म्हणजे कुठे दुखतंय तुम्हाला, आजींना विचारायचं तर लेख़ाऐवजी लाख़. औषधाच्या पाकिटावरचं आणि इस्पितळातल्या पाट्यांवरचं अक्षर छापील आणि स्वरचिन्हांशिवाय असतं, त्याचे फोटो मागवून सराव करा. तिथे रुग्णवाहिकेचा क्रमांक १०१, पोलिसांचा १००. हिब्रूत हे आकडे म्हणता यायलाच हवेत.

स्वरचिन्हं सुटतात तेव्हा

वर्तमानपत्र, पाट्या, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप यांत स्वरचिन्हं नसतात. चौथ्या महिन्याच्या आसपास, शे-दोनशे शब्द पक्के झाल्यावर, ओळखीचा मजकूर चिन्हांशिवाय वाचून बघा. आधी चिन्हांसकट वाचलेलं, मग तेच चिन्हं काढून. मुळांची पानं केली असतील तर इथे त्यांचा उपयोग कळतो, कारण तीन व्यंजनं दिसली की साचा ओळखून आवाज भरता येतो. नवा मजकूर थेट चिन्हांशिवाय घेऊ नका. प्रार्थनेपुरतं शिकणाऱ्यांना याची गरजच नाही. प्रार्थनेचं पुस्तक सगळं चिन्हांसकट असतं.

बोलायला माणूस हवाच. इस्राएलमध्ये नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून आठवड्याला दहा छोटी वाक्यं आवाजी निरोपात मागवा आणि तुमच्या आवाजात परत पाठवा. मावशीला सांगा, मराठीत समजावू नकोस, नुसतं बोल आणि चुकलं तर सांग. तिथलं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच तास असतं. रविवार तिथे कामाचा दिवस, त्यामुळे आपल्या सुट्टीच्या सकाळी फोन करू नका. शुक्रवारी तिथला सूर्य मावळण्याआधी ‘शाबात शालोम’ म्हणायला केलेला फोन चालतो, त्यानंतर पाळणाऱ्या घरांत शनिवारी रात्रीपर्यंत फोन उचलत नाहीत.

कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी तिथे उल्पान असतो, म्हणजे नव्यानं आलेल्यांचा हिब्रूचा वर्ग. पहिला उल्पान १९४९ साली यरुशलेमला सुरू झाला. पायऱ्या आलेफपासून वावपर्यंत सहा, आणि वर्ग साधारण पाच महिन्यांचा. ठाण्यातून अक्षरं, चार महिन्यांचे शब्द आणि ‘ली’ची वाक्यं घेऊन गेलात तरी बहुधा आलेफमध्येच बसवतील. नाव नोंदवताना तुम्हाला वाचता येतं हे मात्र आवर्जून सांगा.